छतावरची बुरशी वाफेची, कपाटामागची कुणाची?

प्रश्न: आमच्या बाथरूममध्ये शॉवरच्या वर, छताच्या कोपऱ्यात बारीक काळे ठिपके येतात. त्याहून मोठी तक्रार पलीकडच्या बेडरूमची आहे. बाथरूम आणि बेडरूममध्ये एकच भिंत आहे. बेडरूमच्या बाजूला, कपाटामागे, जमिनीपासून साधारण गुडघ्यापर्यंत करड्या-हिरव्या डागांचा पट्टा आलाय. तिथे रंगाचे पोपडे सुटलेत आणि कपाट उघडलं की कुबट वास येतो. दोन्हीकडे ब्लीच मारून झालं, भिंतीला बुरशीरोधक रंगही लावला. दोन-तीन महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. भाऊ म्हणतो, सगळं वाफेमुळे होतंय, एक्झॉस्ट फॅन बसवला की संपलं. रंगारी म्हणतो, बाथरूमच्या सगळ्या टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग करा, त्याशिवाय हे थांबणार नाही. आईला दमा आहे आणि ती त्याच बेडरूममध्ये झोपते. काळी बुरशी विषारी असते असं ऐकल्यापासून झोप उडाली आहे. टाइल्स फोडायच्या का?

उत्तर: इतक्यात नाही. तुमच्या घरात दोन बुरशी आहेत आणि त्या एकमेकींच्या कुणी लागत नाहीत. छताच्या कोपऱ्यातलीबद्दल तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर वाटतं. कपाटामागची मात्र फॅनने हटणार नाही. रंगाऱ्याला तिथे पाण्याचा संशय आला हे योग्यच, पण पाणी नेमकं कुठून येतंय हे न बघता त्याने एकदम सगळ्यात मोठं काम सांगितलं. पाइपचा एखादा सांधा गळत असेल, तर सगळ्या टाइल्स बदलूनही भिंत ओलीच राहील.

तुम्ही आजवर दोन्हींवर एकच इलाज केलात, म्हणून दोन्ही परत आल्या. त्यांना वेगळं करू या.

बुरशीचे बीजाणू घरात आणि घराबाहेर, हवेत सगळीकडे असतात. ते हद्दपार करणं कुणालाच जमलेलं नाही. त्यांच्या खाण्याचीही बाथरूममध्ये ददात नसते: साबणाचा थर, अंगाचा तेलकटपणा, त्वचेचे कण, धूळ, रंगातले सेंद्रिय घटक, लाकूड, कागद. माणसाला मानवणारं तापमान त्यांनाही मानवतं. म्हणजे आपल्या हातात उरतं फक्त पाणी. एखादी वस्तू भिजली आणि 24 ते 48 तासांत वाळली नाही, तर बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. म्हणून कुठलाही डाग दिसला की पहिला प्रश्न एकच: इथे इतका वेळ पाणी टिकतंय कसं, आणि ते आलं कुठून?

छताच्या कोपऱ्याचं उत्तर सोपं आहे. गरम पाण्याच्या अंघोळीने हवेत भरपूर बाष्प जातं. ती हवा वर चढते आणि तिच्यापेक्षा थंड असलेल्या छताला टेकते. हवा 30 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर 26 अंशांच्या आसपास असलेल्या पृष्ठभागावरही दव जमतं. म्हणजे छत काही बर्फासारखं गार असायची गरज नाही, हवेपेक्षा चार अंशांनी कमी असलं तरी पुरे. शिवाय बुरशीला थेंब दिसेपर्यंतही थांबावं लागत नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर राहिली, तरी तिचं भागतं. आणि कोपराच का? कारण तिथे हवा हलत नाही, आणि बाहेरच्या भिंतीचा कोपरा असेल तर तो बाकी छतापेक्षा थंडही असतो. अशा बुरशीचे ठिपके सुटे, विखुरलेले असतात, त्यांना ठळक कड नसते. खालचा रंग जागेवर असतो, ओल्या फडक्याने पुसलं की बरचसं निघून येतं. तुम्ही केलेलं वर्णन याच्याशी जुळतं.

एक अपवाद मात्र तपासून घ्या. तुमच्या वर दुसरं बाथरूम किंवा गच्ची असेल, आणि छतावर ठिपक्यांऐवजी तपकिरी कडांचा गोल डाग असेल, तर ती वाफ नव्हे. पाणी वरून झिरपतं आणि वाळताना सोबत आणलेली घाण कडेला सोडून जातं, त्यातून ती कड तयार होते.

छतासाठी फॅन बसवाच, पण नुसता बसवून भागत नाही. घरात फॅन फिरत असतो, आवाजही करत असतो आणि हवा मात्र जागची हलत नाही, हे फार वेळा दिसतं. फॅन चालू असताना त्याच्या जाळीला टिश्यू पेपरचा तुकडा लावा. तो चिकटून राहिला तर फॅन हवा ओढतोय. पडला तर जाळीत धूळ साचलीय, नळी दबलीय, नाहीतर बाथरूममध्ये हवा यायलाच वाट नाही. शेवटचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. दार घट्ट बसत असेल आणि खाली फट नसेल, तर फॅन बिचारा हवा आणणार कुठून? दाराखाली बोटभर फट हवीच. दुसरं म्हणजे, फॅनची नळी बाहेर मोकळ्या हवेत उघडते की फॉल्स सीलिंगच्या पोकळीत, हे स्वतः बघा. पोकळीत सोडलेली वाफ तिथे थंड होते, आणि मग जी बुरशी माजते ती कुणाला दिसतही नाही. नेहमीच्या आकाराच्या बाथरूमला सेकंदाला 25 लिटर हवा ओढणारा फॅन पुरतो. तो अंघोळीआधी सुरू करा आणि नंतर अर्धा तास चालू ठेवा. दिव्याच्या बटणालाच फॅन जोडला असेल, तर दिवा गेला की फॅनही जातो, म्हणजे खरी गरज असते तेव्हाच तो बंद. ती जोडणी वेगळी करून घ्या.

अंघोळीनंतर टाइल्सवरचं पाणी वायपरने खाली ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. टाइल्सवर राहिलेलं सगळं पाणी शेवटी हवेतच जाणार असतं. बाहेर पावसाळी हवा असेल तर खिडकी उघडून फार फरक पडणार नाही. बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. तेव्हा फॅन आणि वायपर यांच्यावरच भिस्त ठेवा. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळाला तर उत्तमच. घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली, जमल्यास 30 ते 50 टक्क्यांत हवी. अंघोळीनंतर काटा चढणारच, पण तासा-दोन तासांत खाली यायला हवा.

आता साफसफाई. कोरडं खरवडू नका, बीजाणू उडतात. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा. गुळगुळीत टाइल्सवर त्यानंतर ब्लीच चालतं, 4 लिटर पाण्यात जास्तीत जास्त 1 कप. हातमोजे, एन-95 मास्क, बंद चष्मा आणि उघडी खिडकी एवढं हवंच. ब्लीचमध्ये आम्लाचा टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका. एकाच वेळी नको आणि एकापाठोपाठ एकही नको. आम्लाशी ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. दम्याच्या माणसाला तर साध्या ब्लीचचा वासही सोसत नाही, तेव्हा हे काम चालू असताना आईंना घराच्या दुसऱ्या टोकाला पाठवा. डाग एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर घरच्या घरी न करता या कामातला माणूस बोलवा.

टब, बेसिन किंवा कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीत काळे डाग असतील, तर बोटाने चोळून बघा. वरचे असतील तर निघतील. पट्टीच्या आत, काचेमागे दिसावेत तसे दिसत असतील, तर सिलिकॉनमागे पाणी शिरलंय. कितीही घासा, ते जाणार नाहीत. पट्टी पूर्ण कापून काढायची, जागा खडखडीत वाळू द्यायची आणि नवी भरायची. जुन्यावर नवा थर चढवणं म्हणजे पैसे वाया.

आता कपाटामागची भिंत. तुम्हाला खरी काळजी हिचीच हवी.

तुमच्या पत्रातली एक ओळ सगळ्यात बोलकी आहे: ही भिंत दोन खोल्यांच्या मधली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना घरच आहे, म्हणजे तिला थंड व्हायला कारण नाही. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं की मागे हवा कोंडते, भिंत थंड राहते आणि नुसत्या दवानेही बुरशी येते. मधल्या भिंतीला हे लागू होत नाही. त्यात पट्टा खालून वर आलाय. वाफ वर जाते, साचलेलं पाणी खाली बसतं आणि मग विटांच्या, सिमेंटच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. तेलाच्या दिव्यात वात तेल ओढते तसंच. रंगाचे पोपडे सुटलेत हेही त्याच बाजूने बोलतं. दव रंगाच्या वर बसतं, तर पोपडा सुटतो तो मागून आलेल्या पाण्यामुळे. आणि बुरशीरोधक रंग लावूनही ती परत आली. त्या रंगातलं औषध पृष्ठभागापुरतं असतं, मागून ओल येत राहिली की रंगच सुटतो आणि औषध त्याच्याबरोबर जातं. यात रंगाऱ्याचा दोष काढू नका, तुम्ही त्याला भिंत रंगवायलाच बोलावलं होतं.

पोपड्याखाली पांढरी, भुरभुरीत पूड दिसते का ते बघा. ती बुरशी नव्हे, तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. चिमूटभर पूड पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. बुरशी विरघळत नाही. क्षार सापडले तर त्याचा अर्थ असा की पाणी भिंतीच्या आतून प्रवास करून इथे पोचतंय आणि इथे वाळतंय. डागापेक्षा हा पुरावा जास्त पक्का.

तरीही नुसत्या वर्णनावरून मी छातीठोक सांगणार नाही, कारण एका साध्या प्रयोगाने हे तुम्हाला स्वतःलाच कळेल. कपाट पुढे ओढा. पट्ट्यावरचा सुटा रंग काढून जागा पुसा आणि पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. मग हातभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीची हवा दमट आहे. अगदी तसाच एक तुकडा दूरच्या कोरड्या भिंतीवरही लावा, म्हणजे तुलना होईल. आणि ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घाला. रेषेबाहेर ओल सरकली की गळती चालूच आहे.

फॉइलच्या आतून पाणी निघालं, की प्रश्न राहतो तो कुठलं पाणी याचा. बाथरूममध्ये पाण्याच्या तीन वाटा असतात: दाबाने येणारं पाइपमधलं पाणी, वापरून निचऱ्याच्या नळीत जाणारं पाणी, आणि टाइल्सवर उडून खाली झिरपणारं पाणी. बहुतेक लोक तिघांना एकाच वेळी पकडायला जातात आणि मग भिंत फोडावी लागते. एकेकाला बाजूला काढलं तर बरंच काही न फोडता कळतं.

आधी दाबाचं पाणी. ते चोवीस तास वाहतं, तुम्ही बाथरूम वापरा अथवा नका वापरू. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास कुणी पाण्याला हात लावायचा नाही. आकडा पुढे सरकला तर कुठेतरी गळतंय. पण पाइपवरच उडी मारू नका, आधी फ्लशची टाकी तपासा. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर टाकीची झडप गळतेय, भिंतीतला पाइप नव्हे. मीटर नसेल किंवा गळती इतकी बारीक असेल की आकडा हलतच नाही, तर बाथरूमच्या पाइपची मुख्य कळ दोन-चार दिवस बंद ठेवा. त्या दिवसांत पेन्सिलच्या रेषेच्या आत भिंत सुकायला लागली तर धागा हाती लागला. फक्त एवढं लक्षात ठेवा की या दिवसांत बाथरूम वापरातही नसतं, त्यामुळे नुसतं सुकल्याने दोष पाइपचा की वापराच्या पाण्याचा हे ठरत नाही. म्हणून पुढची पायरी अशी: कळ पुन्हा उघडा, पण बाथरूम वापरू नका. भिंत परत ओली झाली तर दोष दाबाच्या पाइपचा. कोरडीच राहिली तर पाइप सुटले, आता वापराच्या पाण्याकडे वळायचं.

वापराच्या पाण्याच्या चाचण्या एका दिवशी एकच, आणि मध्ये भिंतीला वाळायला वेळ द्यायचा. पहिल्यांदा चार-पाच बादल्या पाणी थेट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून निचऱ्याच्या नळीत उतरतं त्या तोंडाच्या, जाळीत ओता, फरशीवर थेंब सांडू न देता. नंतर ओल वाढली तर निचऱ्याची नळी किंवा ट्रॅपचा सांधा. नाही वाढली, तर ट्रॅपच्या तोंडात कापड आणि प्लास्टिक कोंबून ते बंद करा आणि फरशीवर दोन बोटं पाणी भरा, उंबरठ्याच्या खालीच राहील इतकं. पातळीवर खूण करा. 24 तासांनी बघा. थोडं पाणी हवेत उडून जातं, म्हणून तितकंच पाणी असलेलं एक पसरट भांडं शेजारी ठेवा आणि दोन्हींतली घट ताडून पाहा. फरशीची पातळी भांड्यापेक्षा ठळक उतरली असेल आणि पलीकडची भिंत ओली झाली असेल, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किंवा फरशी-भिंतीचा कोपरा दोषी. खाली कुणी राहत असेल तर त्यांना आधी सांगा आणि त्यांचं छत बघत राहा. थेंब दिसला की चाचणी तिथेच थांबवायची. शेवटी ट्रॅप उघडा ठेवून फक्त भिंतीच्या टाइल्सवर हँडशॉवरने दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा, आधी खाली, मग हळूहळू वर. नळाच्या चकतीमागची फट विसरू नका. भिंतीतून बाहेर आलेल्या नळाभोवती स्टीलची जी गोल चकती असते, ती सरकवून पाहिली तर मागे बहुतेक वेळा नुसतं भोक असतं. शॉवरचं पाणी रोज त्या भोकातून सरळ भिंतीत उतरतं, आणि दोष जातो वॉटरप्रूफिंगच्या नावावर.

रंगाऱ्याचं अर्धं बरोबर आहे असं मी मानतो, त्याचं कारण टाइल्सबद्दलच्या एका गैरसमजात आहे. टाइल्स आणि त्यांच्या मधलं ग्राउट पाणी अडवत नाहीत. ग्राउट सच्छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातच असतं. ते अडवायचं काम टाइल्सखालच्या थराचं. तो थर शाबूत असेल तर ग्राउटमधल्या केसाएवढ्या भेगेने घर बुडत नाही. थर फाटला असेल तर नवं ग्राउट भरून काही महिने निभतील, इतकंच. थर फाटल्याची बाहेरून दिसणारी लक्षणं ओळखायला सोपी आहेत. टाइल्सवर नाण्याने हलकं वाजवत चला. भरीव जागी आखूड, घट्ट आवाज येतो, सुटलेली टाइल पोकळ वाजते. एखाद-दुसरी पोकळ टाइल जडवण्यातल्या हलगर्जीपणाचीही असते. पण खालच्या रांगेत सलग चार-पाच पोकळ वाजल्या, किंवा बाथरूम दोन दिवस कोरडं असूनही ग्राउटच्या काही रेषा गडदच दिसत राहिल्या, तर आत पाणी थांबलंय. दाराच्या लाकडी चौकटीचा खालचा भाग नखाने दाबून पाहा. मऊ लागला, तर ओल फरशीच्या पातळीवरून बऱ्याच दिवसांपासून पसरतेय.

थर्मल कॅमेरा आणून तपासणी करून देणारे भेटतील. कॅमेरा वाईट नाही, पण तो तापमान दाखवतो, पाणी नाही. ओली जागा सहसा थंड असते म्हणून ती दिसते, एवढंच. तसंच ओलावा मोजणारा मीटर भिंतीत क्षार असतील तर आकडा फुगवून दाखवतो. ही यंत्रं आणणाऱ्याने त्याच भिंतीच्या कोरड्या भागाशी तुलना करून दाखवली तर त्याचं म्हणणं ऐका. एकाच जागी यंत्र टेकवून "पूर्ण फोडावं लागेल" म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.

चाचण्यांची वाट न बघता लगेच माणूस बोलवावा अशी लक्षणंही आहेत. ओलीच्या पट्ट्यात किंवा जवळ विजेचं बटण, सॉकेट असेल, तर त्या भागाची वीज मुख्य फलकावरून आजच बंद करा. छताचं प्लास्टर फुगून खाली लोंबत असेल, काँक्रीटचे तुकडे पडत असतील किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर तो प्रश्न बुरशीचा नाही, बांधकामाचा आहे. तिथे प्लंबर नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा.

तुमची झोप उडवणाऱ्या काळ्या बुरशीबद्दल. रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही. बाथरूममधली काळी बुरशी बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ऑरिओबॅसिडियम या अगदी नेहमीच्या प्रकारांतली असते. ज्या स्टॅकीबोट्रिसच्या नावाने घाबरवलं जातं, तिला सतत भिजलेला कागद, पुठ्ठा, लाकूड असलं खाद्य लागतं. गुळगुळीत टाइल्सवर ती सहसा वाढत नाही. 2021 मध्ये कोविडच्या साथीत 'काळी बुरशी' म्हणून ऐकलेला म्युकरमायकोसिस हा तर वेगळ्याच बुरशांचा आजार, त्याचा या ठिपक्यांशी संबंध नाही. आणि नळाभोवती गुलाबी बुळबुळीत थर दिसत असेल तर ती बुरशीच नाही, सेरेशिया नावाचे जिवाणू असतात ते बहुतेक. जात शोधायला प्रयोगशाळेत नमुने पाठवू नका. उत्तर काहीही आलं तरी करायचं तेच आहे: ओल थांबवायची आणि बुरशी काढून टाकायची.

म्हणजे निर्धास्त राहा असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दमट, बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दम्याचा धोका जास्त असतो असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. बुरशी कुठल्या जातीची यावर ते अवलंबून नाही. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून नुसतं ब्लीच मारून डाग पांढरा करणं पुरत नाही. त्यामुळे टाइल्सचा निर्णय सवडीने घ्या, पण आईंचं अंथरूण आज रात्रीच दुसऱ्या खोलीत हलवा. कपाटातले कपडे धुऊन उन्हात टाका, कपाटाची मागची फळी तपासा. प्लायवुड फुगलं असेल तर ती फळी टाकून द्या. आईंच्या डॉक्टरांनाही घरातल्या ओलीबद्दल सांगा. दम्याचं औषध ठरवताना त्यांना हे माहीत असलेलं बरं.

चाचण्यांतून जे हाती येईल त्यावर फोडाफोडी किती ते ठरेल. नळाच्या चकतीमागचं भोक असेल तर सिलिकॉनची एक नळी पुरेल. पाइपचा सांधा असेल तर दोन-तीन टाइल्स, आणि त्याही बेडरूमच्या बाजूने भिंत खोदली तर वाचतील. तिकडचं प्लास्टर नाहीतरी काढायचंच आहे. ट्रॅप असेल तर त्याच्या भोवतीची फरशी. फरशी भरण्याच्या चाचणीत पातळी उतरली, तरच रंगाऱ्याने सांगितलेलं मोठं काम. तेही बहुतेक वेळा फरशी आणि भिंतीच्या खालच्या रांगांपुरतं असतं. छतापर्यंतच्या टाइल्स काढायला कुणी सांगितलं तर कारण विचारा.

दुरुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी रंग लावायची घाई होते. तिथेच पुढच्या बुरशीची सोय होते. डागाच्या कडेपासून हातभर पुढेपर्यंतचं भुसभुशीत प्लास्टर खरवडून वीट उघडी करा आणि तशीच राहू द्या. दिसायला वाईट दिसतं, इलाज नाही. विटांची भिंत वाळायला जाडीच्या एका इंचाला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. पंखा आणि उघडी खिडकी यांनी थोडं लवकर होतं. मधूनमधून फॉइल लावून बघत राहा. नवं प्लास्टर, मग तेही वाळल्यावर श्वास घेणारा साधा रंग. प्लास्टिकसारखा चकचकीत थर देणारा नको, आत उरलेली ओल त्यामागे कोंडते. कपाट परत लावताना मागे चार बोटं जागा सोडा. आणि रंगाऱ्याला फोन करायचा तो दोन दिवस लावलेलं फॉइल आतून कोरडं निघाल्यावरच.